औषधाचा भाव विचारावा काय?

घासाघीस करणे हा आमच्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबांचा जणू एक संस्कारच आहे. कोथिंबिरीची जुडी घेताना दोन मिरच्या वर मागून घेणारी गृहिणी, लुगड्याच्या दुकानी चार लुगडी उलगडावयास लावून पाचव्याचा भाव पाडून घेणाऱ्या आत्याबाई, बियाणे घेण्यापूर्वी तीन गावचे भाव ऐकून मगच कनवटीस हात घालणारे आजोबा, ही मंडळी वाचकांच्या घरोघरी असतील. परंतु हीच मंडळी औषधाच्या दुकानापुढे उभी राहिली म्हणजे त्यांची वाचा बसते. दुकानदार सांगेल तो आकडा ती निमूटपणे मोजून देतात; आणि एखाद्या पुतण्याने 'याहून स्वस्त मिळेल काय?' असे विचारिले, तर त्याच्यावर डोळे वटारतात. 'माणूस तिकडे तापाने फणफणला आहे आणि तुला पैशाची पडली आहे!' हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे घर आमच्या तरी पाहण्यात नाही.

या वाक्यामागे माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या मायेचा लाभ रोग्यास न होता भलत्यासच होतो, असे आम्हांस अनुभवाने दिसून आले आहे. म्हणून आमचे मत असे की, औषधांची, आणि त्यातही टोचावयाच्या प्रतिजैविक औषधांची, किंमत विचारणे व ती ताडून पाहणे हा कंजूषपणा नसून गृहस्थाचे कर्तव्य आहे. मात्र ते योग्य वेळी, योग्य माणसापाशी आणि आपली मर्यादा ओळखून पार पाडिले पाहिजे.

इंजेक्शनांचीच गोष्ट वेगळी का काढावी, असे कोणी विचारील. गोळ्या घरी बसून घ्यावयाच्या असतात. आज या दुकानातून, उद्या त्या दुकानातून आणिता येतात. इंजेक्शनाचे तसे नाही. रोगी रुग्णालयात पडलेला, औषध दिवसातून दोनदा किंवा तीनदा, ते पाच दिवस, सात दिवस, कधी चौदा दिवस. शिवाय प्रत्येक वेळी सिरिंज, पाणी, सलाईन आणि नळी ही लवाजम्यासारखी बरोबर. मध्यरात्री परिचारिका हातात चिठ्ठी देते आणि घरातला कोणी तरी जिना उतरून धावत सुटतो. अशा वेळी भाव विचारण्याचे भान कोणास राहणार?

आम्ही आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविले, म्हणून या प्रश्नावर विचार करिताना आमचे मन सहज जुन्या ग्रंथांकडे वळते. चिकित्सेचे चार पाय चरकाने सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण. रोग्याचे चरकोक्त गुण म्हणजे स्मृती, वैद्याच्या आज्ञेत राहणे, निर्भयपणा आणि आपली व्यथा नीट सांगता येणे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात हीच यादी दिली, तेव्हा स्मृती गेली आणि तिच्या जागी 'आढ्य' हा शब्द आला. आढ्य म्हणजे धनवान. रोगी पैसेवाला असावा, हे वाग्भटाने उघडपणे लिहून ठेविले! विद्यार्थ्यांपुढे हा शब्द आला म्हणजे मुले हसत. आम्हांस मात्र त्यात थट्टा न दिसता एका चतुर वैद्याने पाहिलेले जग दिसे. तथापि चरकाच्या यादीतही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. औषधाच्या चार गुणांत त्याने पहिला गुण 'बहुता', म्हणजे विपुलता, हा सांगितला. औषध नुसते गुणकारी असून भागत नाही. ते पुरेसे असले पाहिजे, असा त्याचा आशय.

औषध पुरेसे नसले म्हणजे काय होते, याचा दाखला प्रतिजैविकांच्या जन्मकथेतच आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायास पेनिसिलीन टोचण्यात आले. चेहऱ्यावरील जखम चिघळून तो मरणाच्या दारी पोचला होता. थोड्याच दिवसांत त्यास विलक्षण उतार पडला. परंतु औषध इतके थोडे होते की, त्याच्या मूत्रातून ते पुन्हा गाळून काढून वापरावे लागले. अखेर साठा संपला, रोग उलटला आणि मार्च महिन्यात तो वारला. औषधाने हार खाल्ली नव्हती. ते संपले होते.

आमच्या वर्धा जिल्ह्यास याच औषधाची एक हळवी आठवण आहे. सेवाग्रामच्या आश्रमातून कारावासात गेलेल्या कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान राजवाड्यात अत्यवस्थ होत्या. पुत्र देवदास यांनी त्यांच्यासाठी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागविले. त्या शेवटच्या अवस्थेत वारंवार सुया टोचून त्यांस क्लेश देणे गांधीजींस मान्य झाले नाही, आणि ते औषध न वापरताच २२ फेब्रुवारीस बांनी देह ठेविला. त्या निर्णयाची चर्चा येथे करावयाची नाही. सांगावयाचे ते इतकेच की, त्या काळी पेनिसिलीन विमानाने आणावे लागे आणि ते आणविण्याचे सामर्थ्य फार थोड्यांस होते.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला, आणि पेनिसिलीन महाराष्ट्राच्या भूमीत तयार होऊ लागले. तरीही किमती चढ्याच राहिल्या. अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर यांच्या समितीने १९६० च्या सुमारास चौकशी केली, तेव्हा औषधांच्या किमती जगात ज्या देशांत सर्वांत चढ्या आहेत त्यांत भारताची गणना केली होती. पुढे १९७० चा पेटंट कायदा झाला व १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या वस्तूवर पेटंट न देता ते बनविण्याच्या रीतीवरच द्यावयाचे, असे त्याने ठरविले. त्यामुळे निरनिराळ्या रीतींनी तेच औषध बनविणारे देशी कारखाने उभे राहिले आणि भाव उतरले. २००५ पासून वस्तूवरील पेटंट पुन्हा सुरू झाले; तथापि आज रुग्णालयात नित्य वापरली जाणारी बहुतेक जुनी प्रतिजैविके पेटंटाच्या बाहेर आहेत. यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईल की, औषधाची किंमत ही दैवगती नव्हे. ती माणसांनी केलेल्या कायद्यांवर, कारखान्यांवर आणि व्यवहारावर अवलंबून असते. आणि जे माणसांनी ठरविले, त्याविषयी माणसांनी विचारण्यास हरकत कसली?

आता आजची व्यवस्था पाहू. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतील औषधांस कमाल किंमत ठरवून दिली जाते. एखाद्या औषधाच्या ज्या छापांचा खप बाजारात निदान एक टक्का आहे, त्यांच्या किरकोळ दुकानदारास पडणाऱ्या किमतींची सरासरी काढितात आणि तीवर १६ टक्के नफा धरितात. ती कमाल किंमत. जी.एस.टी. वेगळा, तो बहुतेक औषधांवर पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. सूचीची अलीकडची आवृत्ती २०२२ ची असून तीत ३८४ औषधे आहेत. सेफ्ट्रियाक्सोन, अमिकासिन, जेंटामायसिन, मेरोपेनेम ही टोचावयाची प्रतिजैविके तीत आहेत.

इतके असून फरक कोठे पडतो? एक तर कमाल किमतीखाली प्रत्येक कंपनीचा भाव निराळा. दुसरे, सूचीतील औषधास दुसऱ्या एखाद्या द्रव्याची जोड दिली आणि ती जोडी सूचीत नसली, तर तीस कमाल किंमत लागू होत नाही. पुष्कळदा कंपनी ठरवील ती किंमत, आणि वर्षास दहा टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. इतर बाजारात गिऱ्हाईक स्वस्त मालाकडे जाते. येथे माल निवडतो एक, विकतो दुसरा आणि पैसे मोजतो तिसरा. छापील किंमत जितकी मोठी तितका विकणाऱ्याचा नफा मोठा. त्यामुळे चढ्या छापील किमतीचाच माल दुकानदारास गोड वाटू लागतो. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी प्रसिद्ध केली. तीत काही वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत आढळला होता. तेथे औषधांइतक्याच सिरिंजा, नळ्या या किरकोळ भासणाऱ्या वस्तूही नफ्याच्या ठरल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या भावजयीस मूत्रपिंडाचा दाह होऊन थंडीताप भरला आणि तिला एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी इंजेक्शनाची चिठ्ठी आली. आमचा पुतण्या हिशेबी. खालच्या दुकानात शिशीची छापील किंमत पाहताच त्याने वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचिली. त्यात सेफ्ट्रियाक्सोनबरोबर आणखी एक द्रव्य होते. त्याने दुकानदाराशी हुज्जत घातली नाही. त्या वेळेपुरते औषध घेतले, ते वेळेवर टोचले गेले, आणि सायंकाळी डॉक्टर फेरीवर आले तेव्हा त्यांस नम्रपणे विचारिले, "डॉक्टरसाहेब, काकूंना जोडीचेच औषध आवश्यक आहे, की नुसत्या सेफ्ट्रियाक्सोनने भागेल?" आमचे बंधू संकोचाने खिडकीबाहेर पाहू लागले. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. लघवीच्या तपासणीचा अहवाल त्याच दिवशी आला होता. तो त्यांनी पुन्हा पाहिला आणि, "साधे चालेल, तेच लिहून देतो," असे म्हणून नवी चिठ्ठी दिली. पहिल्या एका शिशीच्या किमतीत या औषधाच्या तीन शिश्या आल्या. पाचव्या दिवशी ताप पूर्ण उतरल्यावर पुतण्याने दुसरा प्रश्न विचारिला की, उरलेले दिवस गोळीवर काढता येतील काय. डॉक्टरांनी तेही मान्य केले आणि भावजय घरी आली. सर्वांत मोठी सूट ही दुकानात मिळत नाही. ती डॉक्टरांस योग्य वेळी विचारलेल्या प्रश्नात मिळते.

दुकानातील सुटीविषयी आमच्यातल्या जुन्या शिक्षकास एक उदाहरण घातल्यावाचून राहवत नाही. समजा, एका कंपनीच्या शिशीवर ३०० रुपये छापले आहेत आणि दुकानदार २० टक्के सूट देतो. दुसऱ्या कंपनीच्या त्याच औषधाच्या, तेवढ्याच वजनाच्या शिशीवर ९० रुपये छापले आहेत आणि सूट मुळीच नाही. पहिली २४० ला पडते, दुसरी ९० ला. तरी पुष्कळ लोक २४० देऊन, वर ६० वाचविल्याच्या समाधानात घरी येतात. म्हणून सुटीचा आकडा न पाहता एका मात्रेस किती पडले ते पाहावे. त्यास दिवसाच्या मात्रांनी आणि एकंदर दिवसांनी गुणावे. सिरिंज, सलाईन, नळी यांची बेरीज वेगळी मांडावी. ताडून पाहताना औषधाचे मूळ नाव, शिशीतील वजन आणि घटक हे तिन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. २५० मिलिग्रॅमची शिशी एक ग्रॅमच्या शिशीहून स्वस्त असणारच; तीत नवल नाही.

येथवर वाचून कोणी उत्साहाने बाजारात धावेल, म्हणून मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सेफ्ट्रियाक्सोनसारखी अनेक प्रतिजैविके २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत; ती चिठ्ठीवाचून देता येत नाहीत आणि दुकानदारास त्यांची नोंद स्वतंत्र वहीत ठेवावी लागते. तेव्हा डॉक्टरांस न विचारता औषध बदलणे, मात्रा कमी करणे किंवा शेजाऱ्याची उरलेली शिशी आणून टोचवून घेणे ही काटकसर नव्हे, आत्मघात होय. पावतीवाचून मिळणारा माल कितीही स्वस्त असो, घेऊ नये. नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ साली दाखल केलेल्या एका दोषारोपपत्रात, सरकारी रुग्णालयांस पुरविलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत औषधाऐवजी शंखजिऱ्याची पूड व पिष्ट भरल्याचा आरोप आहे. बॅचचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि पावती ही तीन पाहिल्यावाचून शिशी हाती घेऊ नये. शिवाय आमच्या वैदर्भीय उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची शिशी दहा रुपये वाचविण्यासाठी लांबून मागविली आणि ती दिवसभर उन्हात तापत आली, तर त्या बचतीस काय अर्थ?

आणि आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो, ती सांगतो. आमचे हिंगणी हे सेलू तालुक्यातले, बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. येथला आमचा एक जुना विद्यार्थी कापसाची शेती करितो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पायाची जखम चिघळली आणि पाय मांडीपर्यंत सुजला. गावाबाहेरच्या एका खासगी दवाखान्यात त्यास सात दिवसांची इंजेक्शने सांगितली, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रोजचा खर्च डोळ्यांपुढे होता. खत घ्यावयाचे होते. तो कोणास न सांगता उठून घरी आला. आठवडा लोटला नाही तोच जखम पुन्हा उफाळली. मग दुसरे रुग्णालय, जखम कापून साफ करणे, अधिक तीव्र औषध आणि पंधरा दिवस अंथरूण. बायकोच्या पाटल्या गेल्या. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा "अरे, परवडत नव्हते तर स्वस्त औषध आहे काय, एवढे तरी डॉक्टरांस विचारावयाचे होतेस," असे म्हणालो. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, भाव इचाराची लाज वाटली. बंद कराची नाही वाटली."

हे त्याचे शब्द आमच्या मनातून जात नाहीत. त्यास अक्कल नव्हती असे नाही. सरकीच्या भावात त्याला कोणी फसवू शकत नाही. परंतु औषधाचा भाव विचारणे हे गरिबीचे प्रदर्शन आहे, अशी समजूत त्याच्या मनात कोणी रुजविली? ती आम्हीच, सुस्थितीतल्या घरांनी, रुजविली आहे. आम्ही न विचारता पैसे मोजतो आणि त्यास सभ्यपणा म्हणतो. तेच पाहून ज्याच्यापाशी पैसे नाहीत तोही विचारीत नाही, आणि मग गुपचूप औषध सोडतो. अर्धवट सोडलेल्या प्रतिजैविकाने रोग उलटतो, आणि असल्या वापरातूनच त्या औषधास न जुमानणारे जंतू माजत जातात. ते पुढे कोणाच्या घरात शिरताना त्या घरची सुस्थिती पाहात नाहीत. विचारण्याची चाल जर ज्यांस परवडते त्यांनी पाडिली, तर ज्यांस परवडत नाही त्यांची मान खाली जाणार नाही.

विचारावयाचे कोठे, हेही सांगून ठेवितो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. आमच्या विद्यार्थ्यास हे ठाऊक नव्हते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मूळ नावाची औषधे अल्प किमतीत देण्याचा उपक्रम चालत आला आहे. २००८ साली सुरू झालेल्या जन औषधी योजनेची दुकाने २०२५ पर्यंत देशात १५,००० च्या वर गेली. तेथे प्रत्येक इंजेक्शन दर वेळी मिळेलच असे नाही, म्हणून आधी विचारून जावे. किंमत प्राधिकरणाचे 'फार्मा सही दाम' हे साधन घरातल्या कोणाही मुलास मोबाईलवर पाहता येते. आणि रुग्णालयाच्याच दुकानातून औषध घेण्याची सक्ती होत असेल, तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांस त्यावर धोरण ठरविण्यास सांगितले आहे, हे लक्षात ठेवावे व शांतपणे दुसरी चिठ्ठी मागावी.

एकत्र कुटुंबास या कामी एक सोय आहे, ती एकट्यादुकट्यास नाही. एकाने रोग्याच्या उशाशी बसावे, दुसऱ्याने डॉक्टरांचे म्हणणे लिहून घ्यावे, तिसऱ्याने चार दुकाने पाहावी. चरकाने परिचारकाच्या गुणांत अनुरागाबरोबर दक्षताही सांगितली आहे. एक असली म्हणजे दुसरी नको, असे त्याने कोठे म्हटलेले नाही. आमच्या घरी हे काम थोरल्या सूनबाईंनी अंगावर घेतले आहे. त्यांनी एक वही घातली असून तीत घरातल्या प्रत्येकाची नित्याची औषधे मूळ नावानिशी, कोणास कोणते औषध सोसत नाही ते, जवळच्या जन औषधी दुकानाचा व सरकारी रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि आजवर घेतलेल्या औषधांचे भाव तारखेसह लिहिलेले आहेत. गेल्या महिन्यात आमचा तो विद्यार्थी लंगडत येऊन तासभर ओसरीवर बसला आणि त्यातली दोन पाने आपल्या मुलीकडून उतरवून घेऊन गेला. त्याच्यामागून गल्लीतली आणखी दोघेतिघे येऊन गेली. वाचकांच्या घरी अशी वही नसेल तर ती घरात सर्व निरोगी असतानाच घालावी, आणि शेजारी मागावयास आला तर ती त्याच्यापुढे उघडून ठेवावी, एवढीच विनंती.